फ्लॅश गेलं तरी धडे चालले पाहिजेत

आज मोबाईलवर नाहीतर कम्प्युटरवर कुठलाही व्हिडिओ उघडला की तो सरळ ब्राउझरमध्ये चालतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि आत्ता जी पोरं कॉलेजला आहेत त्यांना वाटतं हे पहिल्यापासून असंच आहे. तसं नव्हतं. बरीच वर्षं ब्राउझरला स्वतःला व्हिडिओ, आवाज, अॅनिमेशन यातलं काहीच कळायचं नाही, तो ते काम प्लगइनच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, गळ्यात घालायचा आणि ते प्लगइन कुठल्यातरी कंपनीचं बंद सॉफ्टवेअर असायचं. आत काय चाललंय हे बघता यायचं नाही, सुधारता यायचं नाही, आणि कंपनीनं उद्या नाही म्हणलं की विषय संपला.

मी सांगलीत विश्रामबागला कम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, लिनक्स या विंडोजऐवजी वापरायच्या खुल्या, फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा नाद कॉलेजपासूनचा आहे. हा विषय बरेच दिवस डोक्यात होता कारण फ्लॅश, म्हणजे या प्लगइनमधलं सगळ्यात जास्त चाललेलं, बंद होऊन एवढी वर्षं झाली तरी अजून लोक माझ्याकडं न उघडणाऱ्या फायली घेऊन येतात, आणि त्यात शाळेतले लोक जास्त असतात. मला जे म्हणायचंय ते असं, की बंद प्लगइन जिवंत होती तोवर त्यांना पर्याय म्हणून आलेली ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता सुधारता येतो अशी, सॉफ्टवेअर कायम दोन पावलं मागं राहिली, लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण मालकानं शटर खाली ओढल्यावर आपलं जुनं सगळं उघडून द्यायला तीच उरली. मराठीतल्या मजकुराला तर हे फारच लागू आहे कारण इंग्रजीतलं कुणीतरी नव्यानं करून देतं, आपलं परत करायला कुणी बसलेलं नाही.

आधी थोडा मागचा हिशोब. नेटस्केप ब्राउझरनं नव्वदच्या दशकाच्या मध्याला प्लगइन जोडायची एक पद्धत आणली, एनपीएपीआय नावाची, तीच पुढं बाकीच्यांनीही घेतली. मग प्रत्येक कंपनीचं आपापलं दुकान सुरू झालं, रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया प्लेअर, शॉकवेव्ह, जावा अॅपलेट, आणि सगळ्यांच्या डोक्यावर फ्लॅश. फ्लॅश मूळचं फ्युचरस्प्लॅश, १९९६ चं, ते मॅक्रोमीडियानं घेतलं आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियालाच अॅडोबीनं घेतलं. ज्याचा व्हिडिओ त्याचं प्लगइन, आणि पानावर राखाडी चौकोन दिसला की समजायचं आपल्याकडं काहीतरी नाही.

विंडोजवाल्यांचं कसंतरी भागायचं, लिनक्सवाल्यांचे हाल होते. त्या काळात उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीडी परदेशातून पोस्टानं फुकट यायच्या, आणि आमच्या इथं वालचंद कॉलेजात लिनक्स युजर्स ग्रुप आहे, त्यामुळं सांगलीत लिनक्स बघितलेली पोरं बऱ्यापैकी होती. सीडी टाकली, सगळं झकास चालू झालं, वायफायपण लागलं, आणि मग कुणीतरी म्हणायचं की बरं आता एखादं गाणं लाव की ब्राउझरमध्ये, आणि तिथंच गाडी अडायची.

त्याला पहिलं उत्तर दिलं ते प्लेअर लिहिणाऱ्या लोकांनी. एमप्लेअर हंगेरीत सुरू झालं, व्हीएलसी पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, जो २००१ ला जीपीएल या ओपन सोर्स लायसनखाली खुला झाला, आणि या सगळ्यांच्या पोटात जे इंजिन चालतं ते एफएफएमपेग, २००० साली फॅब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं सुरू केलेलं. या प्लेअरना ब्राउझरशी जोडणारी छोटी प्लगइन निघाली. पानाला वाटायचं समोर क्विकटाइम आहे नाहीतर विंडोज मीडिया आहे, पण प्रत्यक्षात आत एमप्लेअर, टोटेम नाहीतर व्हीएलसी चाललेलं असायचं. काही फॉरमॅट तेव्हा अजून कुणी उलगडलेले नव्हते म्हणून एमप्लेअर सरळ विंडोजच्या डीएलएल (तयार कोडच्या) फायली उचलून लिनक्सवर चालवायचं, ते कायद्याच्या दृष्टीनं धड नव्हतं पण लोक वापरायचे. हळूहळू एफएफएमपेगवाल्यांनी एकेक फॉरमॅट नीट समजून घेऊन स्वतःचा डीकोडर, म्हणजे फाइल उलगडून चित्र काढणारा कोड, लिहिला आणि ती उसनवारी संपली. हे काम किती किचकट आहे याची आपल्याला कल्पना येत नाही. समोर फक्त बाइट आहेत, कागदपत्र नाही, आणि त्यातून चित्र काढायचंय. आज जगात जिथं जिथं व्हिडिओ चालतो तिथं बहुतेक ठिकाणी त्यांचं काहीतरी आहेच.

फ्लॅशचं गणित मात्र वेगळं होतं, कारण फ्लॅश नुसता व्हिडिओ नव्हे. एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फायलीत रेषांनी काढलेली चित्रं असतात, टाइमलाइन असते, आवाज, फॉन्ट, बटणं आणि अॅक्शनस्क्रिप्ट नावाची आख्खी प्रोग्रामिंगची भाषा असते. म्हणजे पर्याय लिहायचा तर प्लेअर नाही, एक छोटा कम्प्युटरच लिहायचा. २००५ च्या शेवटी जॉन गिलमोर आणि रॉब सावोय यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाखाली फ्लॅशला पर्याय म्हणून नॅश सुरू केलं, त्याचा पाया होता थॅचर उलरिच यांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं गेमएसडब्ल्यूएफ. आणि इथं जी अडचण आली ती मला आजही चीड आणते.

एसडब्ल्यूएफ फायलीची रचना सांगणारं कागदपत्र कंपनीनं छापलेलं होतं, पण ते घेताना अट अशी की ते वाचून तुम्ही फायली तयार करणारं सॉफ्टवेअर लिहू शकता, फायली चालवणारं नाही. आणि अॅडोबीचा फ्लॅश प्लेअर इन्स्टॉल करताना आपण जे न वाचता मान्य करतो त्यात तो उलगडून बघायचा नाही असं होतं. म्हणून नॅशवर काम करायचं असेल तर अॅडोबीचा प्लेअर इन्स्टॉल केलेला नसावा अशी त्या प्रकल्पाची भूमिका होती. विचार करा, ज्याच्यासारखं बनवायचंय तेच वापरायचं नाही, त्याचं कागदपत्र वाचायचं नाही, फक्त लोकांनी केलेल्या फायली घेऊन आत काय असेल ते शोधायचं. ही अट मे २००८ मध्ये जाऊन उठली. तोवर फ्लॅश ९ येऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यात अॅक्शनस्क्रिप्ट ३ साठी पूर्ण नवं इंजिन होतं, जे नॅशकडं नव्हतं. म्हणजे हे लोक सातवी आवृत्ती जेमतेम सर करत होते तेव्हा जग नवव्यावर गेलेलं.

तरीपण नॅशनं काम केलं. मुलांसाठीचा तो हिरवा पांढरा स्वस्त लॅपटॉप आठवत असेल तर, एक्सओ म्हणायचे त्याला, त्यात फ्लॅशसाठी नॅशच असायचं. त्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात झाला, रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत. साध्या फायली, जुने खेळ, काही वेळा यूट्यूबसुद्धा नॅशवर चालायचं. काही वेळा, कारण साईटनं जरा काही बदललं की परत बंद. बेंजामिन ओटे यांचं स्वेफडेक होतं, ते व्हिडिओला बरं होतं पण लवकर थांबलं. २००९ ला अलेस्सांद्रो पिन्योती या इटालियन माणसानं लाइटस्पार्क काढलं, त्यानं नेमकं नॅशनं सोडलेलं टोक धरलं, म्हणजे अॅक्शनस्क्रिप्ट ३ आधी. नॅशची शेवटची मोठी आवृत्ती २०१२ ची. त्याच वर्षी अॅडोबीनं सांगितलं की ११.२ नंतर लिनक्सवर फायरफॉक्ससाठी नवीन फ्लॅश येणार नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील, आणि क्रोम वापरणाऱ्यांना मात्र नवीन मिळत राहील. पुढं २०१६ ला तो निर्णय फिरवला ते वेगळं, पण मधल्या चार वर्षांत लिनक्सवाल्यांनी काय करायचं होतं?

मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या फ्लॅशसारख्याच प्लगइनला मूनलाइट नावाचा खुला पर्याय होता, मिगेल दे इकाझा यांच्या टीमचा, तोही २०१२ च्या आसपास सोडून दिला गेला, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही कारण सिल्व्हरलाइट आपल्याकडं फार कुणी वापरलंच नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं शमवे म्हणून एक प्रयत्न केला, फ्लॅश चालवणारं इंजिन पूर्ण जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्लगइनच नको. कल्पना एकदम बरोबर होती, वेळ चुकली. तोही काही वर्षांत थांबला पण त्यातली कल्पना पुढं कामाला आली, ते सांगतो खाली.

मधल्या काळात खरी लढाई दुसरीकडं चालली होती. ऑपेरा ब्राउझरच्या कंपनीतले होकन व्ह्यूम ली यांनी २००७ मध्ये म्हणलं की जसा वेबपानात चित्रासाठी टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, आहे तसा व्हिडिओसाठी टॅग असू द्या, ब्राउझरनंच व्हिडिओ चालवावा, आणि तो खुल्या फॉरमॅटमध्ये असावा. जून २००९ ला फायरफॉक्स ३.५ आला त्यात ओग थिओरा हा खुला व्हिडिओ फॉरमॅट चालायचा, प्लगइन न टाकता. मला तो दिवस चांगला आठवतो, फायरफॉक्समध्ये एक व्हिडिओ लावला, उजवं बटण दाबलं तर तिथं व्हिडिओ सेव्ह करायचा पर्याय! चित्र जसं सेव्ह करतो तसा. आम्हाला केवढं अप्रूप वाटलं होतं त्याचं.

पण कुठला फॉरमॅट यावर सगळे अडले. थिओरा फुकट आणि खुलं, पण त्याचं मूळ ऑन२ कंपनीच्या जुन्या व्हीपी३ मध्ये, त्यामुळं दर्जाला एच.२६४ च्या मागं. एच.२६४ दर्जाला चांगलं पण पेटंटनं जखडलेलं, ब्राउझर फुकट वाटणाऱ्यानं प्रत्येक कॉपीमागं पैसे कुठून भरायचे? एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाच्या भाषेच्या, मसुद्यात थिओराची शिफारस होती ती डिसेंबर २००७ मध्ये काढून टाकली आणि अजूनही त्यात कुठल्याच कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या आणि उलगडायच्या पद्धतीचं, नाव नाही. मग गुगलनं ऑन२ विकत घेतली आणि मे २०१० मध्ये व्हीपी८ सगळ्यांना खुलं केलं, वेबएम नावानं. २०११ च्या सुरुवातीला गुगलनं जाहीर केलं की क्रोममधून एच.२६४ काढणार, आणि काढलं नाही. मोझिला एकटी पडली आणि २०१२ ला तिलाही एच.२६४ ला हो म्हणावं लागलं.

यातून जी पळवाट निघाली ती मला फार हुशारीची वाटते. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीनं २०१३ मध्ये सांगितलं की आम्ही आमचा एच.२६४ चा कोड खुला करतो आणि तयार फाइलपण आमच्याच सर्व्हरवरून देतो, जो कुणी ती आमच्याकडून उतरवून घेईल त्याची पेटंटची फी आम्ही भरू. त्या फीला वरची मर्यादा असते, सिस्को ती आधीच गाठत असणार, त्यामुळं त्यांचं फार काही जात नव्हतं. म्हणून आजही फायरफॉक्समध्ये प्लगइनच्या यादीत ओपनएच२६४ असं नाव दिसतं आणि ते मोझिलाकडून नाही, सिस्कोकडून येतं. कोड सगळ्यांना वाचता येतो. यूट्यूबनं जानेवारी २०१५ मध्ये फ्लॅश सोडून सरळ व्हिडिओ टॅग धरला आणि तिथं फ्लॅशचं मोठं काम संपलं. पुढं २०१८ ला एव्ही१ हे खुलं, फी नसलेलं कोडेक आलं, त्याचा डेव्हिड नावाचा डीकोडर व्हीएलसीच्याच लोकांनी लिहिलाय आणि तो जुन्या मशीनवरसुद्धा कमालीचा हलका चालतो. थिओरापासून हिशोब धरला तर हे सगळं एकाच ओढीतलं आहे, जे आधी हरले त्यांचाच हट्ट पुढं जिंकला.

आता शाळेकडं येतो. जुलै २०१७ मध्ये अॅडोबीनं जाहीर केलं की २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद. ३१ डिसेंबर २०२० ला दुरुस्त्या थांबल्या आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फायली चालवायलाच नकार दिला, तशी तारीखच त्याच्यात घालून ठेवलेली होती. विंडोजच्या अपडेटनं तर विंडोजसोबत येणारा प्लेअर काढूनच टाकला. फ्लॅश धोकादायक होतं हे खरंय, त्यातल्या भोकांतून किती व्हायरस आले त्याला गणती नाही, ते जायलाच पाहिजे होतं. पण त्याच्यासोबत काय गेलं ते कुणी मोजलं नाही. दक्षिण आफ्रिकेत तर टॅक्सचे फॉर्म फ्लॅशमध्ये होते म्हणून तिथल्या टॅक्स खात्याला फ्लॅश चालणारा स्वतःचा ब्राउझर काढून द्यावा लागला. आपल्याकडं असला ब्राउझर कोण काढून देणार?

तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी माझ्याकडं हार्ड डिस्क घेऊन आले. म्हणाले, "दादा, बघा की जरा, एक पण धडा उघडंना. प्रोजेक्टर चांगला आहे, आवाज चांगला आहे, नुसता पांढरा पडदा येतोय." गावानं वर्गणी काढून डिजिटल वर्ग केलेला, ज्याच्याकडनं सॉफ्टवेअर घेतलं तो फोन उचलंना. मी म्हणलं गुरुजी ठेवून जावा, बघतो. उघडली तर सगळ्या फायली एसडब्ल्यूएफ. कविता, बेरीज वजाबाकी, जलचक्र, सूर्यमाला. ते सगळं ठीक, त्यातलं बरंचसं आज यूट्यूबवर दुसऱ्या कुणाचंतरी मिळेल. पण एका फोल्डरमध्ये त्याच शाळेतल्या आधीच्या एका शिक्षकांनी स्वतः शिकून केलेले धडे होते. एक धडा कृष्णा नदीचा. महाबळेश्वरपासून निळी रेघ निघते, वाईवरून खाली येते, कराडला टिचकी मारली की कोयना येऊन मिळते, हरिपूरला मारली की वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि प्रत्येक संगमावर त्या शिक्षकांचा स्वतःचा आवाज. ते आता निवृत्त झालेत, मूळ प्रोजेक्टची फाइल त्यांच्याकडं पण नाही. हे जगात दुसऱ्या कुणाकडं नाही आणि दुसरं कुणी करणार नाही.

हे ज्याच्यावर चाललं ते रफल. माईक वेल्श यांनी सुरू केलेलं, रस्ट भाषेत लिहिलेलं, एमआयटी आणि अपाची लायसनखाली पूर्ण खुलं. शमवेची जी कल्पना होती तीच, प्लगइन नकोच, पण आता ब्राउझरमध्ये वेबअसेम्ब्ली, म्हणजे प्रोग्राम वेगात चालवायची सोय, आलीय त्यामुळं वेग मिळतो. ते ब्राउझरच्या कुंपणाच्या आतच चालतं म्हणून फ्लॅशसारखी भीती नाही. जुन्या वेबसाईट आणि फायली जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह संस्थेनं नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे फ्लॅश बंद व्हायच्या आधीच, रफल लावून जुने खेळ आणि अॅनिमेशन जपायला घेतले. आणि इथं ते जुनं गणित उलटं झालं. नॅशला पळत्या गाडीमागं धावायचं होतं, दर दीड दोन वर्षांनी नवी आवृत्ती, नवे नियम. रफलसमोर फ्लॅश थांबलेलं आहे, आता ते बदलणार नाही, त्यामुळं आज जे दुरुस्त केलं ते दुरुस्तच राहतं. आणि लाइटस्पार्कवर पण अजून काम चालू आहे बरं का, ते सोडून दिलेलं नाही.

ज्यांच्याकडं असल्या फायली आहेत त्यांच्यासाठी मला आलेल्या अडचणी नीट लिहितो, कारण मराठीत हे कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

रफल दोन तऱ्हेनं मिळतं, ब्राउझरचं एक्स्टेंशन आणि स्वतंत्र प्रोग्राम. शाळेसाठी स्वतंत्र प्रोग्रामच घ्या, फाइल त्याच्यात ओढून टाकली की झालं, इंटरनेट लागत नाही. ब्राउझरमधूनच चालवायचं असेल, म्हणजे धड्यांची यादी असलेलं जुनं पान असेल, तर डिस्कवरचं पान नुसतं डबल क्लिक करून उघडलं तर ब्राउझर आजूबाजूच्या फायली वाचू देत नाही, पान येतं पण धडा येत नाही. त्याला पायथनचा एका ओळीतला वेब सर्व्हर चालू करायचा त्या फोल्डरवर आणि पानात रफलची स्क्रिप्ट जोडायची. एवढं जमत नसेल तर ओळखीतलं एखादं इंजिनिअरिंगचं पोरगं पकडा, अर्ध्या तासाचं काम आहे.

लिनक्सवर एक भानगड जास्त होते. एक धडा दुसऱ्या फायली बोलावतो आणि नाव लिहिताना कुणी कॅपिटल अक्षर वापरलंय कुणी स्मॉल, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. धडा अर्ध्यात थांबला तर आधी हे बघा, बऱ्याचदा रफलचा दोष नसतोच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फॉन्टनं. फ्लॅश १० येईपर्यंत फ्लॅशला देवनागरी धड जमायचंच नाही, जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलतीकडं जायची. म्हणून आपल्या लोकांनी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा आकडा देणारी पद्धत, सोडून श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असले जुने फॉन्ट वापरले, ज्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि दिसायला फक्त मराठी दिसतं. आता ज्यांनी करताना अक्षरं फोडून त्यांची चित्रं केली नाहीतर फॉन्ट फायलीत घालून ठेवला त्यांचे धडे रफलमध्ये जसेच्या तसे दिसतात, एक काना इकडचा तिकडं नाही. पण ज्यांनी फॉन्ट आत घातला नाही त्यांचा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. त्याला उपाय म्हणजे तो जुना फॉन्ट मिळवून मशीनवर टाकायचा, स्वतंत्र प्रोग्रामवालं रफल मशीनवरचे फॉन्ट वापरतं. नदीचा धडा याच कारणानं अडला होता, गावांची नावं वाचता येईनात, गुरुजींनी शाळेतल्या जुन्या टायपिंगच्या कम्प्युटरवरनं फॉन्ट आणून दिला आणि महाबळेश्वर, कराड, हरिपूर सगळं नीट आलं.

काही सीडीवर एसडब्ल्यूएफ दिसतच नाही, ईएक्सई असते. ती बहुतेक प्रोजेक्टर फाइल, म्हणजे प्लेअर आणि धडा एकत्र बांधलेला. तिच्यात बंद व्हायची तारीख नाही त्यामुळं विंडोजवर ती अजून चालते, घाबरू नका. पण लिनक्सवर न्यायची असेल तर त्या ईएक्सईच्या शेपटाला एसडब्ल्यूएफ जोडलेली असते, ती वेगळी काढता येते, त्याला छोटी फुकट टूल आहेत. काही ईएक्सई मात्र फ्लॅशच्या नसतात, डायरेक्टरच्या असतात, तो मॅक्रोमीडियाचा दुसरा प्रकार, त्याचा शॉकवेव्ह प्लेअर एप्रिल २०१९ ला बंद झाला. रफल ते चालवत नाही. स्कमव्हीएम नावाचा जुने गेम चालवणारा खुला प्रकल्प आहे, त्यात डायरेक्टरवर काम चालू आहे, काही चालतं काही नाही.

प्रश्नमंजुषावाल्या फायली बघून घ्या. अॅक्शनस्क्रिप्ट १ आणि २ मधलं जवळपास सगळं रफलवर चालतं, ३ मधलं अजून अपुरं आहे. गुरुजींच्या हार्ड डिस्कवरचे धडे बहुतेक सगळे चालले, सातवीच्या काही चाचण्यांत गुण मोजायचं बटण काम करत नाही. त्या तेवढ्या बाजूला ठेवल्यात, रफल जवळजवळ रोज सुधारतं त्यामुळं अधूनमधून नवीन उतरवून परत बघतो.

आता व्हिडिओचं. शाळेतल्या जुन्या मशीनवर यूट्यूब अडखळत असेल तर बहुतेक वेळा नेटचा दोष नसतो, नवीन कोडेक उलगडायला त्या मशीनमध्ये सोय नसते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. यूट्यूबला एच.२६४ च द्यायला लावणारी छोटी खुली एक्स्टेंशन मिळतात, ती टाकून बघा, बराच फरक पडतो. आणि स्वतः धडा रेकॉर्ड करत असाल तर मूळ फाइल जपून ठेवा, कुठल्याही कंपनीच्या अॅपमध्येच अडकेल असं काही करू नका.

एक प्लगइन मात्र अजून शिल्लक आहे आणि त्याला खुला पर्याय नाही, ते म्हणजे वाइडव्हाइन. पैसे भरून सिनेमे बघायच्या ज्या साईट आहेत त्या कुलूप लावलेला व्हिडिओ पाठवतात आणि ते कुलूप उघडणारा तुकडा ब्राउझरच्या आत बसतो, तो बंद आहे, गुगलचा आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीनं सप्टेंबर २०१७ मध्ये त्याची जोडणी अधिकृत केली तेव्हा इंटरनेटवरच्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संस्था निषेध म्हणून डब्ल्यू३सीमधून बाहेर पडली. मला त्यांचं पटतं. फायरफॉक्स निदान विचारून तरी ते टाकतो, नको असेल तर बंद ठेवता येतं. सिनेमापुरतं मी एकवेळ समजू शकतो, ज्याचा माल त्याची अट. पण शिकवायचा मजकूर जर उद्या असल्या कुलपात जायला लागला, आणि काही क्लासवाल्यांचे व्हिडिओ आत्ताच जायला लागलेत, तर त्याच्यासाठी पुढं कुणी रफल लिहू शकणार नाही. फ्लॅशच्या फायली निदान उघड्या होत्या, आत काय आहे ते बघता येत होतं, म्हणून तर त्या वाचल्या. कुलपातलं तसं वाचणार नाही.

सांगली, सातारा, कुठल्याही बाजूच्या शाळेत, वाचनालयात, घरी जुन्या सीडी पडल्या असतील तर आधी त्या कॉपी करून घ्या, सीडीचा थर काही वर्षांनी उडतो आणि मग कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही. कॉपी करताना आख्खं फोल्डर घ्या, नुसती मोठी फाइल नको, आणि त्या मशीनवरचे फॉन्टपण सोबत घ्या. एखादी फाइल रफलवर चालत नसेल तर गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर त्यांच्याकडं तक्रार नोंदवता येते, फाइल जोडून द्यावी लागते, म्हणून ज्यानं ती केली त्याला आधी विचारा. इंग्रजी लिहायला अडचण असेल तर मला कळवा, मी लिहून देतो. देवनागरीच्या तक्रारी तिथं जेवढ्या जास्त जातील तेवढं बरं, कारण लिहिणाऱ्या लोकांसमोर आपल्या फायली आल्याच नाहीत तर त्यांना कळणार कसं की कुठं काय तुटतंय.